सांगाडा नसलेल्यांचं संग्रहालय

(बडोदा इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पडद्यावर जो प्राणी दिसतोय त्याचं नाव बोलिनॉप्सिस. उत्तर अटलांटिक आणि त्याला लागून असलेल्या थंड समुद्रांमध्ये तो भरपूर सापडतो. दहा-पंधरा सेंटिमीटर लांब, काचेसारखा आरपार, आणि अंगावर बारीक रोमांच्या आठ रांगा. त्या रांगांवरून सात रंग धावताना दिसतात ना, तो त्याचा स्वतःचा प्रकाश नव्हे. पोहण्यासाठी तो हे रोम सतत हलवत असतो, त्यावर माझ्या फ्लॅशचा उजेड पडला आणि फुटला, एवढंच.

आता हाच प्राणी जाळ्यानं पकडायला जा. वर येईपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. ओंजळीनं अलगद बरणीत घेऊन, नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन ओतलंत, तर तो विरघळून जातो. बरणीत गढूळ पाणी आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी, एवढंच उरतं.

आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो लहानपणी मान वर करून पाहिला असेल. हाडं होती म्हणून तो देवमासा आपल्यापर्यंत पोहोचला. समुद्रातल्या बहुसंख्य प्राण्यांना मात्र हाडंच नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं की या मऊ, पारदर्शक जिवांच्या बाबतीत पाण्याखाली काढलेलं छायाचित्र हाच नमुना. तो नमुना म्हणूनच काढायला हवा, तेवढ्याच काळजीनं आणि तेवढ्याच प्रामाणिकपणानं.

ही अडचण जुनी आहे. ड्रेस्डेनमधल्या लिओपोल्ड ब्लाश्का या काच-कारागिरानं १८६३ च्या सुमारास तिथल्या संग्रहालयासाठी समुद्रफुलांच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या सी ॲनिमोन या प्राण्यांच्या, काचेच्या प्रतिकृती बनवल्या. पुढे मुलगा रुडॉल्फ हाताशी आला आणि बापलेकांनी जेलीफिश, समुद्री गोगलगायी असे कितीतरी प्राणी काचेत घडवून जगभरच्या संग्रहालयांना पुरवले. खरा प्राणी बरणीत रंगही सोडतो आणि आकारही, म्हणून काच. मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो. आपण आज कॅमेरा घेऊन जे करतो, ते त्यांचंच काम आहे.

आता थंड पाणीच का, याविषयी. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाची पोषकद्रव्यं वर येतात, आणि वसंतात ऊन वाढलं की सूक्ष्म वनस्पतींचा बहर उसळतो. त्यावर बारीक कवचधारी प्राणी, त्यांच्यावर मासे, आणि मग देवमासे. उत्तरेचा समुद्र वरून करडा आणि ओसाड दिसतो, पण खाली खच्चून भरलेला असतो. छायाचित्रकाराची पंचाईत अशी की हा बहर आला की पाणी हिरवं होतं आणि हातभरावरचं धूसर दिसायला लागतं. बर्फाखालचं पाणी मात्र नितळ असतं.

त्यासाठी मी श्वेत समुद्र निवडला. रशियाच्या वायव्येला, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास पसरलेला हा समुद्र. त्याच्या काठावर मॉस्को विद्यापीठाचं जीवशास्त्र केंद्र १९३८ पासून आहे. तिथलेच अलेक्झांडर सेम्योनोव्ह यांच्या जेलीफिशच्या छायाचित्रांनी माझ्या पिढीला हा नाद लावला. वर्षातले जवळजवळ सहा महिने तिथं बर्फ असतो आणि खालचं पाणी शून्याच्याही खाली जातं, कारण खारं पाणी शून्यावर गोठत नाही.

बर्फात करवतीनं भोक पाडायचं आणि त्यातून उतरायचं. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. बोलायचं ते झटक्यांनी, आणि किती झटक्यांचा काय अर्थ हे उतरण्याआधी दोघांनी एकमेकांना म्हणून दाखवायचं. पूर्ण तयारीत बसलेला दुसरा पाणबुड्या वर असल्याशिवाय कुणी खाली जात नाही. पाणी शरीराची ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. म्हणून अंगात पाणी आत न शिरू देणारा ड्राय सूट, त्याच्या आत लोकरीचे थर. हात मात्र कशानंही पुरते वाचत नाहीत. जाड हातमोज्यांतून कॅमेऱ्याची बारीक बटणं कळत नाहीत, तेव्हा लेन्सचं छिद्र, शटरचा वेग, फोकस हे सगळं वरच ठरवून उतरायचं.

श्वासाच्या यंत्राचंही सांगतो, कारण धोका खरा तिथं आहे. टाकीतली दाबलेली हवा प्रसरण पावताना अतिशय गार होते. त्यात ओलावा असेल तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि टाकी भराभरा रिकामी होते. म्हणून दोन झडपा आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर. तोंड पाण्यात जाईपर्यंत त्यातून श्वास घ्यायचा नाही, कारण वरची हवा पाण्यापेक्षा कितीतरी गार असते. कॅमेऱ्याची पेटीही गरम खोलीत बंद केली तर आत अडकलेली दमट हवा पाण्यात जाताच काचेवर धुकं धरते. ती कोरड्या, गार जागेत बंद करायची आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या.

हे सगळं ज्याच्यासाठी, तो क्लायोनी आता पाहा. त्याला समुद्रदूत म्हणतात. चार-पाच सेंटिमीटरचा, कवच नसलेला गोगलगायीचा भाऊबंद. पायाचे दोन पंख झालेत आणि पोटात नारिंगी गाभा दिसतोय. जगभर त्याचे गोजिरवाणे फोटो फिरतात, पण ही पुढची चार चित्रं नीट बघा. समोर लिमासिना ही समुद्री गोगलगाय आली, वाटाण्याएवढी, पाठीवर नाजूक शंख असलेली. क्लायोनी तिच्याशिवाय जवळजवळ काहीच खात नाही. ती अंगाला लागताच त्याचं डोकं दुभंगलं आणि आतून सहा जाड सोंडा बाहेर फेकल्या गेल्या. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे होऊन जातं. दुसऱ्या चित्रात शंख पकडलेला आहे. तिसऱ्यात त्यानं शंख फिरवून त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलंय. चौथ्यात आकड्यांनी आतला जीव पुरता ओढून घेतलाय आणि रिकामा, अखंड शंख सुटून खाली चाललाय. शिकार मिळाली नाही तर हाच प्राणी आकसत आकसत जवळपास वर्षभर तग धरतो.

अशा आरपार देहावर समोरून फ्लॅश मारलात तर चित्रात काही राहत नाही. शिवाय पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि बर्फ पडल्यासारखं दिसतं. दोन्ही फ्लॅश बाजूला, प्राण्याच्या किंचित मागे न्यायचे. मग पार्श्वभूमी काळी पडते आणि देहाच्या कडा, आतडं, स्नायूंचे धागे उजळून उठतात. कुठला अवयव कुठे आहे हे आधी ठाऊक असेल तरच उजेड कुठून टाकायचा हे सुचतं. म्हणून माझ्या शिकाऊ मित्रांना मी आधी प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडायला सांगतो, कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका नंतर.

एका गोष्टीबाबत मी कडक आहे. उत्तर अटलांटिकच्या खडकांवर लम्पफिश नावाचा गोलमटोल मासा असतो. मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर पोटाखालच्या चकतीनं खडकाला चिकटून कित्येक आठवडे ती राखतो, त्यांच्यावर पाणी मारत राहतो. तो हटत नाही, म्हणून त्याचा फोटो सोपा. पण चांगल्या कोनासाठी त्याला ढकललंत, की खेकडे आणि इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. असा फोटो माझ्यासमोर आला तर तो कितीही देखणा असो, मी स्वीकारत नाही.

लिमासिनाकडे पुन्हा येतो, कारण तिची मला काळजी वाटते. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र शोषतो, आणि थंड पाणी तो अधिक शोषतं. त्यानं पाण्याची आम्लता वाढते. लिमासिनाचा शंख ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचा असतो आणि अशा पाण्यात तो झिजतो. शंख गेला तर ती गेली, आणि तिच्यावर जगणारा क्लायोनीही. आजच्या शंखांची जवळून टिपलेली, तारीखवार चित्रं हाताशी असतील, तरच उद्याची झीज मोजता येईल.

बडोद्यात राहून यातलं काय जमेल? खंभातच्या आखातात भरतीचा जोर इतका की पाणी कायम गाळानं भरलेलं असतं, तिथं कॅमेरा बुडवून उपयोग नाही. पण कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. जामनगरकडच्या नराऱ्याला ओहोटीत प्रवाळावरून चालत जाता येतं. डबक्यांमध्ये समुद्रफुलं, ऑक्टोपस, रंगीत समुद्री गोगलगायी घोटाभर पाण्यात भेटतात. वनखात्याची परवानगी काढायची, दगड उलटला तर जसा होता तसा ठेवायचा, जवळून टिपणारी एक लेन्स आणि बाजूनं धरायला एक बॅटरी पुरे. प्रत्येक चित्राखाली तारीख, जागा, भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्याचं तापमान लिहायचं. हिवाळ्यातल्या पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोट्या बघून आपण गट नेणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहून जावं.