जुन्या बाजारातला वस्तरा

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या वस्तऱ्याने दाढी करायची हौस हल्ली तरुण मुलांना लागलीय आणि मला ती मनापासून आवडते. वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या रेझरांनी आपले उकिरडे भरलेत. त्यापेक्षा दोन-तीन पिढ्या टिकणारं पोलाद हातात घेतलेलं केव्हाही बरं. पण तो वस्तरा आधी कोणाकोणाच्या गालावरून फिरलाय, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून आज एवढंच लक्षात ठेवा: आधी साबण, मग स्पिरिट, आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा सगळ्यात शेवटी.

माझ्या मामांना पुण्याच्या जुन्या बाजाराचा भारी नाद. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत तो भरतो. एका रविवारी तिथे गोणपाटावर, नळाच्या तोट्या आणि किल्ली हरवलेल्या कुलपांच्या ढिगात, मामांना एक वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगन’ कोरलेलं. जर्मनीतलं हे शहर सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं, मग काय विचारता! मामा घरी न जाता मला घेऊन थेट तात्यांच्या दुकानात. तात्या म्हणजे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची डोकी भादरलेले कारागीर.

खुर्चीशेजारी चामड्याचा पट्टा टांगलेला होता. मामांनी डाव्या हाताने तो ताणला, उजव्या हाताने वस्तरा उघडला आणि आता फिरवणार, तोच तात्या गिऱ्हाईक सोडून धावले.

“अहो थांबा! पट्ट्याला लावू नका!”

“तात्या, नुसती धार बघतोय.”

“धार मागाहून बघा. वस्तरा धुता येतो, पट्टा धुता येत नाही. यावरची घाण एकदा चामड्यात गेली की उद्या ती माझ्या गिऱ्हाइकाच्या गालावर जाणार.”

मग त्यांनी वस्तरा दारातल्या उजेडात धरला आणि पातं जिथे मुठीला जोडलेलं असतं, त्या खिळ्यापाशी दात कोरायची काडी घातली. काडीच्या टोकावर काळपट, चिकट लगदा आला. वाळलेला साबण, गंज, आणि त्यात अडकलेले दोन बारीक पांढरे केस. तात्यांनी ती काडी मामांच्या डोळ्यांसमोर धरली. “हे कोणाचे, सांगा बघू?” मामा काहीच बोलले नाहीत.

तात्यांनी जुना दातांचा ब्रश घेतला, भांड्यांचा साबण घेतला आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे, पाठीकडून धारेकडे असं घासत राहिले. धारेवरून आडवा हात एकदाही नाही. वाटीतलं पाणी विटकरी झालं, ते ओतलं, पुन्हा घासलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत त्यांनी स्पिरिटच्या बाटलीला हात लावला नाही. मग पातं कोरडं करून स्टीलच्या पेल्यात स्पिरिटमध्ये बुडवलं, मूठ बाहेर. खिळ्याची जागा स्पिरिटच्या बोळ्याने तीन-चारदा पुसली. दहा मिनिटं आम्ही रेडिओवर नाट्यगीत ऐकत बसलो. दाढीच्या दुकानात रेडिओच हवा, असं माझं ठाम मत आहे. टीव्ही लावला की कारागिराची नजर गालावरून हलते.

आता तात्यांचं बरोबर का, ते थोडक्यात. काविळीचा हिपॅटायटिस बी हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान 7 दिवस तग धरतो, आणि विकणाऱ्याने तो वस्तरा कालच कोणाकडून आणला असेल तर? स्पिरिट मळाच्या थराखाली पोचत नाही, म्हणून आधी साबण. स्पिरिट म्हणून औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल 70 टक्क्यांचं मागा. त्याहून कडक नको, कारण जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतं. जवळ गॅस किंवा निरांजन पेटतं नको. धनुर्वाताचे बीजाणू मात्र स्पिरिटलाही दाद देत नाहीत. ते घासूनच काढायचे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 10 वर्षं उलटली असतील तर आधी ते घ्यायचं.

वस्तरा उकळू नका, शिंगाची किंवा सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, मूठ वाकडी होते. गॅसच्या ज्योतीवर धरू नका, पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. ब्लीचमध्ये ठेवू नका, पोलादाला खड्डे पडतात. आणि मूठ हस्तिदंती आहे म्हणून कोणी भाव चढवला तर तिथून निघा. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात कायद्याने बंद आहे, आणि तो बंदच राहायला हवा.

पुन्हा सांगतो: साबण, स्पिरिट, शेवटी पट्टा. दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून तेलाचा हलका हात फिरवा. आणि धारेलगतच गंजाचे खड्डे दिसले, तर तो वस्तरा कितीही नावाजलेला असो, गालाला लावू नका.