बक वीव्हर गप्प राहिला

१ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर, रेडलँड फील्ड मैदान. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे वर्षाच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना. यजमान सिनसिनाटी रेड्ससमोर आहे शिकागो व्हाइट सॉक्स, त्या वेळचा भलताच तगडा संघ. चेंडू एडी सिकॉटच्या हातात. याच हंगामात शिकागोला २९ सामने जिंकून देणारा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पहिला चेंडू अगदी नेमका पडतो. दुसरा थेट बॅटर मॉरी रॅथच्या पाठीत बसतो.

प्रेक्षकांना वाटलं, चेंडू हातातून सुटला. सट्टेबाजांना मात्र हवी ती खूण मिळाली होती. मालिका मुद्दाम हरण्याचा सौदा पक्का! आदल्या रात्रीच सिकॉटच्या हॉटेलच्या खोलीत १० हजार डॉलर पोचले होते. त्याचा वर्षाचा मूळ पगारही एवढा नव्हता. शिकागो तो सामना ९–१ असा हरलं.

ही कीड नवी नव्हती. १८६५ मध्येच न्यू यॉर्क म्युच्युअल्सच्या तीन खेळाडूंनी पैसे घेऊन सामना मुद्दाम घालवला होता. १८७७ मध्ये लुईव्हिल ग्रेजच्या चौघांना कायमचं बाहेर काढलं गेलं. पण पुढे धाक राहिला नाही. हॅल चेस नावाच्या नामांकित खेळाडूवर सामने विकल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले, आणि तो वर्षानुवर्षं खेळत राहिला. क्लबच्या मालकांना बोभाटा नको होता. लोकांचा विश्वास उडाला, तर तिकिटं कोण काढणार?

व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कोमिस्की कंजूष होता, म्हणून खेळाडू वाकड्या वाटेला गेले, असं आजही सांगितलं जातं. क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, हा करार जाचक होताच. पण पगाराच्या नोंदी पाहिल्या, तर लीगमधल्या सगळ्यात महागड्या संघांमध्ये व्हाइट सॉक्स होता. त्यामुळे ही सबब मला पटत नाही. पैशाचा मोह होता, आणि कुणी काही करणार नाही याची खात्री होती.

खेळाडूंच्या बाजूने पुढाकार होता चिक गँडिलचा. समोर बॉस्टनचा सट्टेबाज स्पोर्ट सलिव्हन. दुसऱ्या टोळीत बिल बर्न्स हा माजी पिचर आणि एब अटेल, एके काळचा फेदरवेट बॉक्सिंग विजेता. आणि या सगळ्यांच्या मागे ज्याचं नाव घेतलं जात होतं, तो न्यू यॉर्कचा आर्नल्ड रॉथस्टीन. जुगारातला बडा सावकार.

वायदा होता एक लाख डॉलरचा. पैसे मात्र वेळेवर येईनात. कटात नसलेल्या डिकी कर या नवख्या पिचरने तिसरा सामना ३–० असा जिंकून दिला, आणि शिकागोच्या हरण्यावर पैसे लावून बसलेला बर्न्स बुडाला. पण कटातला दुसरा पिचर लेफ्टी विल्यम्स तीन सामने हरला. आठव्या सामन्यात तर पहिल्याच डावात जेमतेम एक गडी बाद केल्यावर त्याला मैदानातून काढावं लागलं. रेड्सनी मालिका ५–३ अशी जिंकली.

आता बक वीव्हरकडे वळू या. तिसऱ्या बेसवरचा हा व्हाइट सॉक्सचा खेळाडू. सामने सोडायचं ठरलं त्या बैठकींना तो हजर होता. पण त्याने एक पैसाही घेतला नाही. मालिकेत त्याची फलंदाजीची सरासरी होती .३२४, म्हणजे चांगलीच. तो जीव तोडून खेळला. त्याची चूक एकच: सगळं माहीत असून त्याने तोंड उघडलं नाही.

तोंड आणखी कुणी उघडलं नाही? मालिका चालू असतानाच कोमिस्कीच्या कानावर कुजबूज आली होती. त्याने गुप्तहेर लावले, पुरावा देणाऱ्याला बक्षीसही जाहीर केलं. संशय आठ खेळाडूंवर होता. तरी १९२० च्या हंगामात गँडिल सोडून बाकी सातही जण त्याच्याच संघातून खेळले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शिकागोत ग्रँड ज्युरी (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बसली, सिकॉट आणि याच आठांतल्या जो जॅक्सनने कबुली दिली, आणि मगच त्यांना घरी बसवलं गेलं. जॅक्सनने ५ हजार डॉलर घेतले होते. मालिकेत त्याने १२ हिट्सही (बेस गाठून देणारे फटके) मारल्या होत्या.

रॉथस्टीन ग्रँड ज्युरीसमोर आला, हात झटकून गेला. त्याच्यावर आरोपपत्रही झालं नाही. पैज जिंकण्यासाठी खेळाडू फोडणारे सुटले, याची चीड आजही येते.

खटल्याआधी खेळाडूंचे कबुलीजबाब गायब झाले. मुद्दाम सामना हरणं हा इलिनॉयच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, म्हणून फसवणुकीच्या कटाचा आरोप ठेवावा लागला. २ ऑगस्ट १९२१ ला खटला चाललेले सगळे निर्दोष सुटले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर, म्हणजे खेळाचे प्रमुख, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाद केलं. त्यांनी सांगितलं: जो सामना विकतो तो बाहेर, जो विकायचं कबूल करतो तो बाहेर, आणि असल्या बैठकीत बसून जो आपल्या क्लबला कळवत नाही, तोही बाहेर. हे तिसरं वाक्य थेट वीव्हरवर आलं. हा नियम योग्यच होता. त्यानंतर खेळ पुष्कळ सावरला. पण हे माप मालकांना कधी लावलं गेलं नाही.

थकलेल्या पगारासाठी जॅक्सनने लावलेला दावा १९२४ मध्ये मिलवॉकीत सुनावणीला आला, तेव्हा गायब झालेली ती कागदपत्रं बाहेर आली. कोमिस्कीच्याच वकिलांकडून! १९३९ मध्ये कोमिस्कीचं नाव बेसबॉलमधल्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

वीव्हर शिकागोतच राहिला. बंदी उठावी म्हणून तो अर्ज करत राहिला, आणि अर्ज फेटाळले जात राहिले. १९५६ मध्ये तो वारला. बेसबॉलच्या कायमच्या बंदीच्या यादीतून मृत व्यक्तींची नावं काढण्याचा निर्णय झाला मे २०२५ मध्ये. त्यात जॅक्सनचं नाव होतं, सिकॉटचं होतं, आणि वीव्हरचंही. त्याच्या मृत्यूनंतर ६९ वर्षांनी.