तिघांची खोली

(पडदा काळा. कौलांवर पाऊस.)

शहापूर, बेळगाव. जुन्या घराच्या माडीवर मास्तर पेटीचं झाकण काढून बसलेत. मध्य सप्तकातला कोमल धैवत खरखरतोय. ते पोस्टकार्डाची बारीक पट्टी कापतात, सुराच्या पितळी जिभेखाली सरकवतात, हलकेच ओढून घेतात. कागदावर हिरवट भुकटी येते. पितळ कळकलंय. दोन वर्षं पेटीला म्हणावा तसा हातच लागला नाही.

बेळगावात पेटी म्हटलं की पहिलं नाव रामभाऊ विजापुरे यांचं. 1917 साली जवळच्या काकतीत जन्म, 2010 साली निधन, आणि मधल्या काळात हाताखालून गेलेले कितीतरी शिष्य. याच वाद्याला 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं दार बंद केलं होतं. तक्रार काय, तर पेटीतून मींड निघत नाही.

तक्रार खोटी नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पेटीला जमत नाही, तिला उडीच मारावी लागते. मास्तरांनी नवी रचना बेतलीय ती या उणिवेवरच. पेटी, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ. मींड तारवाल्यांनी घ्यायची, पेटीनं सूर धरून बसायचं.

पाश्चात्त्य संगीतात याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. मोजके वादक, पुढं काठी हलवणारा कुणी नाही, एकमेकांकडं बघत वाजवायचं. घरगुती बैठकीत वाढलेल्याला हे परकं वाटू नये. फक्त इथं ज्याचा त्याचा भाग कागदावर लिहिलेला असतो.

व्हायोलिनवाला कोल्हापूरचा, चेलोवाला गोव्याचा. बेळगावकराला यात नवल नाही, आमच्या सोयरिकीही अशाच तीन राज्यांत पसरलेल्या. पण 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि रोजचे रस्ते एकदम सरहद्दी झाले. पुढच्या वर्षीही कोल्हापूरच्या वाटेवर, राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआर रिपोर्ट दाखवावा लागत होता.

फोनवर वाजवून बघितलं. मास्तरांचा षड्ज कोल्हापुरात उशिरा पोचायचा, तिकडचं उत्तर त्याहून उशिरा. सम कुणाची धरायची?

टाळेबंदीत कलावंतांना निवांतपणा मिळाला, असं म्हणायची एक पद्धत आहे. मास्तरांच्या शिकवण्या बंद होत्या, भजनं बंद, लग्नसराई बंद. डोक्यात किराणा मालाचा हिशेब चालू असताना कसली चाल सुचणार? दोन वर्षांत नऊ पानं झाली. त्यातली तीन फाडली.

(जिन्यावर पावलं.)

गोव्याहून चोर्ला घाटातून चेलो आलाय, मागच्या सीटवर आडवा, गोधडीत गुंडाळलेला. कोल्हापूरकर सकाळीच पोचलेत, त्यांचा चहाही झालाय. दोघं तारा जुळवायला घेतात. पेटीचा सूर जागचा हलत नाही, त्यामुळं त्यांनाच तिच्यापाशी यावं लागतं.

पहिलं पान निम्मं होतंय तोच सर वाढते. रेकॉर्डिंगवाला पोरगा हेडफोन काढून हात वर करतो.

"पाऊस पडूलालाय तर पडू दे की," मास्तर म्हणतात. "थांबू नको."

चेलो पंचमावरून सावकाश वर सरकत येतो. तो कोमल धैवतावर टेकतो न टेकतो तोच पेटी तोच सूर उचलते.

थोडी खरखर अजून आहे.