बोटाच्या पेराएवढे केस

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या नानीच्या शिवणाच्या डब्यात धागा तोडायची एक छोटी कात्री होती. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून परतल्यावर तिनं ती वेगळी काढून रुमालात बांधून ठेवली. पुन्हा दोऱ्याला लावली नाही. का गं, म्हणून विचारलं तर म्हणायची, "मरवावर माझ्या केसांना लागलीय ती."

मक्केतल्या सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या झाल्या की पुरुष डोकं भादरून घेतात, नाहीतर केस बारीक करतात. बाईला मुंडण नाही. तिनं केसांची टोकं हातात धरायची आणि बोटाच्या पेराएवढी कापायची. झालं, इहराम, म्हणजे यात्रेतली बंधनं, सुटला.

बायकांचे केस आणि शरीयत म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात : झाका आणि कापू नका. झाकण्यावर सगळेच बोलतात, म्हणून तो विषय आज राहू द्या. कापण्याचं काय ते बघू.

माहीमला आमच्या गल्लीत एक लेडीज पार्लर आहे. काचेला आतून पडदा, दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही'. तिथं मी यू कट करून घेत होते. शेजारच्या खुर्चीवरची बाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही कोकणी ना? तुमच्यात चालतं, आमच्यात गुन्हा आहे." तिचं अर्धं बरोबर होतं. मुंबईतले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, आम्ही कोकणी मात्र शाफई; शरीयत समजून घेण्याचे हे दोन पंथ. ज्यांच्या दर्ग्यावर सगळी मुंबई जाते ते मखदूम अली माहिमी, 1431 साली वारलेले, तेही शाफईच.

आता गंमत बघा. सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, संग्रहात एक रिवायत, म्हणजे कथन, आहे की पैगंबरांच्या पत्नी आपले केस कापून कानापर्यंत ठेवत. तेराव्या शतकात शाफई विद्वान इमाम नववींनी यावरून लिहिलं की बाईला केस कमी करायला हरकत नाही. काहींनी म्हटलं, हे पैगंबरांच्या पश्चात, साजशृंगार सोडल्यावरचं. आणि सतराव्या शतकातल्या 'दुर्रे मुख्तार' या हनफी ग्रंथात लिहिलंय की डोक्यावरचे केस कापणारी बाई गुन्हेगार, नवऱ्याची परवानगी असली तरी. कारण दिलंय पुरुषांची नक्कल. नववी आणि हा ग्रंथ लिहिणारे हसकफी, दोघंही दमिश्कचे. एकाच शहरातले दोन विद्वान, मध्ये चारशे वर्षं. आणि त्यांचा वाद आमच्या माहीमच्या पार्लरमध्ये अजून चालू! 2017 साली देवबंदच्या दारुल उलूम या हनफी मदरशानं केस कापणं आणि भुवया कोरणं दोन्ही मना असल्याचा फतवा दिला, तेव्हा तर तिथं दुसरा विषयच नव्हता.

पण तो 'नक्कल' शब्द लक्षात ठेवा. म्हणजे मनाई आहे ती हेतूला. टोकं दुभंगली म्हणून दोन इंच कापणं आणि पुरुषासारखं दिसण्यासाठी कापणं, यात फरक करणारे हनफी मुफ्तीही मला भेटलेत. दुसऱ्याचे केस आपल्यात गुंफायला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, त्यामागेही फसवणूक हे कारण सांगतात. आणि दुःखात डोकं भादरणाऱ्या बाईशी पैगंबरांनी संबंध नाकारला, ही हदीस बुखारी या दुसऱ्या संग्रहात आहे. ती वाचताना मला नेहमी आपली मुंबई आठवते. 1890 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं इथल्या नाभिकांनी ठरवलं होतं की विधवांचं केशवपन करायचं नाही.

आता पाण्याची गोष्ट. आमच्या इमारतीत नळ सकाळी तासभर येतो आणि माझी बहीण कंबरेपर्यंतच्या केसांची. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमांनी त्यांना हेच विचारलं होतं : मी वेणी घट्ट घालते, गुसलसाठी, म्हणजे शुद्धीच्या आंघोळीसाठी, सोडावी लागेल का? उत्तर मिळालं, नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी ओत, पुरे. पुढे पैगंबरांचे सहकारी अब्दुल्ला इब्न अम्र बायकांना वेण्या सोडायला सांगतात असं पैगंबरांच्या आणखी एक पत्नी हजरत आयेशांच्या कानावर आलं. त्या म्हणाल्या, मग डोकंच भादरायला का नाही सांगत? हा टोला मी बहिणीला ऐकवला. तिनं तो लगेच घरच्या पुरुषांवर वापरला.

गळलेले केस पुरावेत, असंही फिकहच्या, म्हणजे शरीयतच्या नियमांच्या, पुस्तकांत आहे. चौथ्या मजल्यावर माती कुठली? नानी कंगव्यातला गुंता कागदात बांधून मोगऱ्याच्या कुंडीत खुपसायची.

नानी गेली तेव्हा गुसल द्यायला आम्ही चौघी होतो. त्यात शेजारच्या एक हनफी चाची. त्यांनी ओल्या केसांचे दोन भाग करून छातीवर घ्यायला सुरुवात केली, त्यांच्यात तसंच करतात. खाला, म्हणजे माझी मावशी, काही बोलली नाही. तिनं केस हळूच परत घेतले आणि तीन पेड केले. पैगंबरांच्या लेकीला गुसल देताना उम्मे अतियांनी तीन वेण्या घालून पाठीमागे सोडल्या होत्या, तशा. चाचींनी क्षणभर पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्यात तीन असतात, नाही का," आणि मधली वेणी त्यांनीच घातली.