पेव्हर ब्लॉकच्या खाली

पाऊस सरला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉकची, म्हणजे आवारात जोडून बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांची, कोटेशनं फिरू लागतात. कागदावर पुष्कळदा एकच ओळ असते: '६० एमएम पेव्हर ब्लॉक पुरवणे व बसवणे, दर प्रति चौरस फूट, जीएसटी वेगळा.' कमिटी तीन कोटेशनं शेजारी मांडते आणि सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवते. ब्लॉकखाली काय घालायचं, हे तिन्हींत नसतं.

खरं काम मात्र तिथेच आहे. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं सगळं हलवते. म्हणून ती काढून मुरूम भरायचा, पाणी मारत, थर देत रोलरनं दाबायचा. त्यावर खडीचा थर, मग क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मग ब्लॉक. हा वाळूचा थर २० ते ४० मिलिमीटरच हवा. मुरूम कुठे खोलगट राहिला, तर तिथे वाळू जास्त ओतून लेव्हल मिळवायची, ही या धंद्यातली जुनी चलाखी. काम ताब्यात देताना दोरी लावली तर सगळं सरळ दिसतं. पण जास्तीची वाळू पुढे दबते; पावसाळ्यात नेमकं तिथेच डबकं साचतं, आणि सेक्रेटरींचा फोन येतो.

जाडीचंही तेच. आयएस १५६५८ हे भारतीय मानक हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर जाडी सुचवतं. सोसायटी म्हणते, आमच्याकडे फक्त गाड्याच येतात. आणि उन्हाळ्यातला दहा हजार लिटरचा टँकर? त्यातलं पाणीच १० टन भरतं.

सगळ्या तक्रारी खऱ्या असतात असंही नाही. नव्या ब्लॉकवर पांढरट थर आला की 'माल खराब आहे' म्हणून बिल अडतं. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा पडतो. मजबुतीशी त्याचा संबंध नाही, आणि पावसापाण्यात तो हळूहळू जातो. हे काम सुरू होण्याआधी सांगितलं तर माहिती ठरते; बिल अडल्यावर सांगितलं तर सबब वाटते.

मोजमापात तर भांडणं ठरलेलीच. ड्रेनेज चेंबरची जागा वजा करायची की नाही? झाडांच्या आळ्यांची? झाकणं नव्या लेव्हलला उचलायचे पैसे कोण देणार? कडेचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारा काठ, दरात धरलाय का? कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, त्यांतली वाळू वाहून जाते.

आणि मग ते एक वाक्य: 'आलाच आहात तर पार्किंगचा कोपराही करून टाका.' ठेकेदार करतो. लिहून घेत नाही, कारण चेअरमन ओळखीचे असतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा समोरच्यानं लाभ घेतला, तर मोबदला मागता येतो. पण काम सांगितलं कोणी, केलं किती, हे सिद्ध करायला व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज आणि मुरूम दाबतानाचे फोटो तरी लागतात. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

कोर्टात जायला सहसा कोणी धजत नाही. बुडालेल्या पैशांपायी पुढच्या सोसायटीच्या दरात दोन-चार रुपये गुपचूप वाढतात.