२५ ग्रॅमची साक्ष

[दृश्य: काचेच्या पेटीतला तराजू. निर्जंतुक चमचा. बाजूला बर्नरची निळी ज्योत.]

तराजूवरचा आकडा थरथरतो आणि २५ वर येऊन थांबतो. अन्नाचा हा नमुना कुणाचा, कुठून आला, हे तोलणाऱ्या हाताला ठाऊक नाही. पाकिटावर फक्त एक सांकेतिक क्रमांक आहे. या २५ ग्रॅमला आता एकच प्रश्न विचारायचा आहे: तुझ्यात साल्मोनेला, म्हणजे अन्नातून माणसाला आजारी पाडणारा तो जिवाणू, आहे का?

किती आहे, हे इथे विचारलेलंच नाही. एक जिवंत पेशी सापडली तरी उत्तर ‘आहे’ असंच लिहावं लागतं. आणि पेशी केवढी? एका मिलिमीटरच्या लांबीत अशा दोनशे ते पाचशे पेशी एकामागे एक मावतील एवढी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडलेला अंदाज असा, की दूषित अन्नामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. दगावणाऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. तराजूपाशी उभं राहताना हा आकडा मनातून जात नाही.

[दृश्य: पारदर्शक पिशवी. यंत्राच्या दोन थापट्या तिला आळीपाळीने दाबत आहेत. थप, थप, थप.]

२५ ग्रॅम नमुन्यात २२५ मिलिलिटर पेप्टोनचं, म्हणजे जिवाणूंना पोसणारं, पाणी घातलं आहे. थापट्या पिशवीला बाहेरून बडवतात, नमुना आतल्या आत कुस्करला जातो आणि कुठे फटीत दडून बसलेले जिवाणू पाण्यात उतरतात. मग ही पिशवी ३७ अंशांवर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये.

पुष्कळांना वाटतं, ही रात्र वाया जाते. नमुना थेट जिवाणू वाढवायच्या प्लेटवर टाकला तर एक दिवस वाचेल. पण अन्नातला जिवाणू धडधाकट असेलच असं नाही. तो भाजला गेलेला असतो, सुकलेला असतो, गोठून निघालेला असतो. त्याची भिंत फाटलेली असते, पण जीव शाबूत असतो. अशा अर्धमेल्या पेशीला लगेच कडक रसायनांच्या माध्यमात टाकलं तर ती तिथेच मरेल आणि आपण ‘आढळला नाही’ असं लिहून मोकळे होऊ. तीच पेशी उद्या एखाद्या लहान मुलाच्या पोटात गेली, तर मात्र सावरेल आणि वाढेल. म्हणून आधी तिला अंथरूण-पांघरूण द्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं, उभं करायचं. मग पकडायचं. या तपासणीतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा टप्पा हाच.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यातला एक दशांश मिलिलिटर हिरव्या-निळ्या द्रवात जातो. इथे वातावरण कडक आहे: मॅलेकाइट ग्रीन, भरपूर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४१.५ अंश तापमान. इतर जिवाणू मागे पडतात, साल्मोनेला टिकतो. तिसऱ्या दिवशी तारेच्या लूपने एक थेंब प्लेटमधल्या लाल अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थिजलेल्या माध्यमावर, ओढायचा. एकदा, वळवून पुन्हा, वळवून पुन्हा. प्रत्येक रेघेत पेशी विरळ होत जातात आणि शेवटच्या रेघेत एकेक सुटी पडते.

[दृश्य: चौथी सकाळ. इन्क्युबेटरचं दार उघडतं. प्लेट उजेडाकडे धरलेली.]

हे पाहा. लालसर वसाहत आणि मधोमध काळं बुबुळ. साल्मोनेला गंधकाच्या संयुगापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतो. माध्यमातलं लोह त्या वायूशी मिळालं की काळा डाग उमटतो. पण डाग दिसला म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. असा डाग पाडणारे दुसरेही आहेत. म्हणून काचपट्टीवर साल्मोनेलालाच चिकटणाऱ्या प्रतिद्रव्याचा एक थेंब, त्यात ही वसाहत कालवायची आणि काचपट्टी हलवत राहायची. काही सेकंदांत थेंब नासलेल्या दुधासारखा दाणेदार झाला, तर साक्ष पक्की होते. हे आणि जैवरासायनिक चाचण्या धरून पाचवा दिवस उजाडतो.

आणि हो, या सगळ्या प्रवासात शेजारी आणखी एक नळी चालते आहे. तिच्यात मुद्दाम खरा साल्मोनेला सोडलेला असतो. तो उगवला नाही, तर माध्यमात किंवा तापमानात खोट आहे. मग त्या दिवशीचं एकही ‘आढळला नाही’ ग्राह्य धरता येत नाही, सगळं काम पहिल्यापासून.

[दृश्य: ओतलं जाणारं अगार. प्लेटमध्ये थिजत जाणारा चकचकीत पृष्ठभाग.]

हे अगार प्रयोगशाळेत आलं कसं, ते सांगायलाच हवं. १८८१ च्या सुमारास जिवाणूंचे अभ्यासक रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करत होते. जिलेटिनवर जिवाणू वाढवायचे, तर उन्हाळ्यात ते वितळायचं. काही जिवाणू तर ते खाऊनच पातळ करायचे. हेसे यांच्या पत्नी फॅनी त्यांना कामात मदत करत. घरी जेली घट्ट बसावी म्हणून त्या समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार वापरायच्या. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते कळलं होतं. तेच वापरून बघा, असं त्यांनी सुचवलं. अगार वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि थंड होताना ते पार चाळिशीपर्यंत खाली आल्यावरच थिजतं. शिवाय बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूवरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनींचा नाही. आज जगात कुठेही प्लेट ओतली जाते, तेव्हा त्यात या बाईंच्या स्वयंपाकघरातली सूचना असते.

[दृश्य: रुग्णालयाचा रिकामा बोळ. मग भिंगाखाली अंकुरलेल्या मेथ्या.]

आता एक अवघड गोष्ट. मे २०११. जर्मनीच्या उत्तर भागात धडधाकट माणसं रक्ती जुलाबांनी आजारी पडू लागली, काहींची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. कारण होतं ‘ई. कोलाय ओ१०४:एच४’, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा एक घातक प्रकार. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला. प्रयोगशाळेला काकडीत विष तयार करणारा ई. कोलाय सापडलाही, पण तो दुसऱ्याच प्रकारचा निघाला. तोवर शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान होऊन गेलं होतं.

खरा माग लागला तो एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांच्या चौकशीतून. कुणी काय मागवलं होतं, आचाऱ्याने कोणत्या पदार्थात काय घातलं होतं, जेवताना काढलेल्या फोटोंत कुणाच्या ताटात काय दिसतं, हे सगळं ताडून पाहिलं गेलं. उत्तर आलं: मोड आलेलं धान्य. पुढे धागा मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला. एव्हाना ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले होते, पन्नासहून अधिक दगावले होते. आणि त्या बिया? तपासण्या पुन्हा पुन्हा झाल्या. बियांमध्ये तो जिवाणू प्रयोगशाळेला मिळाला नाही.

‘आढळला नाही’ या शब्दांचं वजन इथे कळतं. समजा, एका खेपेत शंभरात एक पाकीट दूषित आहे. यादृच्छिकपणे ५ पाकिटं तपासली, तर ९५ टक्के वेळा सगळी स्वच्छ निघतील. ६० तपासली तरी निम्म्याहून जास्त वेळा, जवळपास ५५ टक्के, दूषित पाकीट हाती लागणार नाही. विश्लेषकाचा हात कितीही सफाईदार असला तरी हे गणित बदलत नाही. म्हणूनच शिजवण्याचं तापमान, यंत्रांची स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, हे जागच्या जागी सांभाळावं लागतं. केवळ शेवटी नमुना तपासून सुरक्षितता पदरात पडत नाही.

[दृश्य: अंधारी खोली. अतिनील दिव्याखाली निळे-हिरवे चमकणारे ठिपके.]

रसायनांच्या विभागात जिवाणू वाढवायचे नसतात, पण नमुन्याची डोकेदुखी तिथेही सुटत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष. बुरशीच्या नावातूनच त्याला ॲफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. अतिनील उजेडात निळं चमकतं ते बी, हिरवं चमकतं ते जी. नावं रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच पडली. यातलं बी१ माणसात यकृताचा कर्करोग घडवतं. बुरशी मेली तरी विष मागे उरतं, आणि घरच्या शिजवण्याने ते पुरतं नाहीसं होत नाही.

ते पोत्यात सारखं पसरलेलंही नसतं. हजारो दाणे निर्मळ आणि एखादाच विषाने माखलेला. एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅम इतकं प्रमाण नोंदलं गेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा १०० किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तरी साऱ्या मालाची सरासरी किलोला ५ मायक्रोग्रॅम होते. युरोपात सोललेल्या दाण्यांसाठी थेट खाण्याच्या मालात चारही प्रकार (बी१, बी२, जी१, जी२) मिळून किलोला ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे तो एक दाणा मुठीत आला की नाही, यावर निकाल ठरणार. म्हणून शेंगदाण्याच्या खेपेतून ठिकठिकाणचे दाणे काढून २० किलोचा नमुना करतात आणि तो दळून एकजीव करतात. लाखमोलाचं यंत्र शेवटी येतं, आधी गिरणी.

यंत्राबद्दल थोडक्यात. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूवर विद्युतभार चढवतो, त्याचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजून रेणू ओळखतो. अब्जात एक भागही त्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र नेहमीच्या तपासणीत जे शोधायला सांगाल, तेच तो शोधतो.

हे किती महाग पडू शकतं, ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेली पद्धत नमुन्यातला नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. पाणी घातलेल्या दुधात कुणीतरी मेलॅमाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलं. मेलॅमाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो, दुधाच्या प्रथिनांच्या सुमारे चौपट. चाचणीत प्रथिनं भरपूर दिसली. चाचणी खोटं बोलली नव्हती; तिला नायट्रोजन विचारला होता, तिने नायट्रोजन सांगितला. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, मूत्रपिंडांत खडे झाले, सहा बाळं गेली. त्यानंतर मेलॅमाइनचं नाव घेऊन शोध घेणाऱ्या चाचण्या जगभर सुरू झाल्या.

[दृश्य: पुन्हा सूक्ष्मजीव विभाग. पाचवा दिवस. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या जातात. पडद्यावर अहवाल.]

आजच्या नमुन्याच्या प्लेटवर काळं बुबुळ उमटलेलं नाही. शेजारच्या नळीतला साल्मोनेला व्यवस्थित उगवला आहे, म्हणजे माध्यम आणि तापमान दोन्ही ठीक होतं. प्लेट १२१ अंशांच्या वाफेत जातात. विश्लेषक अहवाल लिहायला बसते: ‘साल्मोनेला, २५ ग्रॅममध्ये आढळला नाही.’

फोन वाजतो. पलीकडून विचारणा होते: ‘२५ ग्रॅम वगैरे कशाला? माल सुरक्षित आहे, एवढंच लिहून द्याल का?’

‘नाही,’ ती म्हणते. ‘मी जेवढं तपासलंय, तेवढंच लिहिते.’