कॅमेऱ्याचे वेगळे

(दृश्य: पहाटेची पंचवटी. गाडीच्या डिकीत पिशव्या, पाण्याची बाटली, कॅमेऱ्याची काळी बॅग.)

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली. समुद्रावर दोघांचा एक चांगला फोटो. त्यांचा लग्नाचा अल्बम २००८ च्या पुरात गेला. त्या सप्टेंबरात गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या वर चढलं आणि आमच्या तळमजल्यात शिरलं. दिवाण, गाद्या, धान्य सगळं पुन्हा आणता आलं. अल्बमची पानं मात्र एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता.

म्हणून हा प्रवास. सोबत चुलतभाऊ होता. तो नाशकात लग्नांचे फोटो काढतो, पण त्या दिवशी आला होता काका-काकूंचा पुतण्या म्हणून.

(दृश्य: त्र्यंबकचा रस्ता, मग मोखाडा, जव्हारचा घाट.)

त्र्यंबक मागे पडलं. दादासाहेब फाळक्यांचं हे जन्मगाव. पुढे मोखाडा, जव्हार, आणि उतरताना हवा दमट होत गेली. चिकूच्या वाड्या दिसायला लागल्या तसं आईनं खिडकीची काच खाली घेतली. डहाणूच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या. पैसे ऑनलाइन, पूर्ण आणि आगाऊ भरलेले. बुकिंगच्या मेलमध्ये नाश्ता होता, कर होता, खोली कधी मिळणार आणि कधी सोडायची हेही होतं. कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

फाटकावर वॉचमननं भावाची बॅग उघडायला लावली. लेन्स पाहिली आणि म्हणाला, "मोबाइल चालेल. याचे वेगळे."

किती, असं विचारल्यावर त्यानं रजिस्टरखालून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. त्याचा एक कोपरा सुटला होता, आत पाणी जाऊन शाई पसरली होती. छापलेल्या पंधराशेवर मार्करनं काट मारून वर लिहिलं होतं, दोन हजार पाचशे. खाली बारीक अक्षरात "प्रोफेशनल कॅमेरा".

बाबा म्हणाले, "अहो, हा आमचा पुतण्या आहे. घरचेच फोटो काढायचेत."

"मला वरून सांगितलंय, काका."

तो बिचारा खरंच वरून सांगितलेलंच करत होता. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं पर्स उघडली. पावती मागितली तर उत्तर मिळालं, याची पावती नसते.

(दृश्य: नाशिक. भावाचं कामाचं टेबल, हार्ड डिस्क, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या.)

परत आल्यावर मी भावाशी नीट बोललो, कारण मला रिसॉर्टवाल्यांची बाजूही समजून घ्यायची होती. तो म्हणाला, शूट चार्ज घेण्यात गैर काही नाही. प्री-वेडिंगला आम्ही पाच-सहा जण जातो. लाइट, रिफ्लेक्टर, गिम्बल, मुलीचे चार ड्रेस, कपडे बदलायला खोली. पूलच्या काठावर दोन तास आमचाच पसारा. बाकी पाहुण्यांना त्रास होतो, वीज लागते, जागा अडते. मालकानं त्याचे पैसे मागितले तर ते रास्तच आहेत.

गंगापूर धरणाच्या बाजूची फार्महाऊसं तो वर्षानुवर्षं वापरतो. तिथे फोन केला की पहिल्याच मिनिटात लोकेशन चार्ज सांगतात. किती तासांचे किती, ड्रोन चालेल की नाही, सगळं व्हॉट्सअॅपवर लेखी येतं. तो ते पार्टीला पाठवतो, पार्टी हो म्हणते, मगच तारीख ठरते. पांडवलेणीला गेलात तर तिकिटाचा दर खिडकीपाशीच वाचायला मिळतो. पटलं तर आत जायचं, नाही तर परत.

फाटकावर सांगितलेल्या रकमेत ही सोय उरत नाही. शंभरावर किलोमीटर आलेला माणूस, गाडीत बसलेली थकलेली आई, आधीच भरलेलं खोलीभाडं. परत जायचं म्हटलं तर सगळंच बुडणार. त्या क्षणी माणूस नाही म्हणू शकत नाही, हे मागणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मला राग आहे तो याचा. अडीच हजारांची सोय आम्ही केलीही असती, आधी कळलं असतं तर.

आणि प्रोफेशनल कॅमेरा म्हणजे काय? आजचा मोबाइल फोरके व्हिडिओ घेतो, त्यावर लोक पैसे कमावतात, तो फुकट. एखाद्या कॉलेजच्या मुलानं हौसेनं जुना डीएसएलआर आणला, तर त्याला दंड. धंद्यासाठी शूट आहे की घरचा फोटो, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. लेन्सच्या लांबीवर दर ठरतो.

(दृश्य: ओहोटीचा किनारा, दूरवर पाण्याची रेघ.)

कायदा यावर गप्प नाही. ऑनलाइन बुकिंगच्या वेळी किमतीचा भाग दडवायचा आणि तो नंतर वसूल करायचा, याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर आपल्यासारख्यांची मोठी सोय केली आहे. रिसॉर्ट समुद्राकाठी असलं, तरी नाशिकचा माणूस नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. आपण राहतो तिथला आयोग चालतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. आम्ही तिथूनच सुरुवात केली. बुकिंगचा मेल आणि त्या लॅमिनेट कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो, दोन्ही जपून ठेवलेत. रोख न देता यूपीआयनं दिले असते तर आणखी बरं झालं असतं.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ सरकारच्या मालकीचा आहे. रिसॉर्टचे नियम त्याच्या कुंपणात. ओहोटीला उघडी पडणारी ती ओली वाळू कुणा रिसॉर्टची नाही.

(दृश्य: भिंतीवरची फ्रेम, जवळून.)

पैसे भरले म्हणून त्या संध्याकाळी भावानं पूलपाशी, झोपाळ्यावर, फुलांच्या कमानीखाली भरपूर फोटो काढले. वसूल करायचे होते ना. सगळ्यांत आई ताठ बसलीय, पर्स मांडीवर घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहज फिरायला म्हणून बाहेर पडलो. सुरूच्या झाडांमधून खाली उतरलो. तिकडचा समुद्र ओहोटीला फार आत जातो, पाणी दिसेपर्यंत बरंच चालावं लागलं. आई पुढे, बाबा मागे. भावानं गळ्यातला कॅमेरा उचलला तेव्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

घरात तोच फोटो लावलाय. आईच्या साडीचा काठ भिजलाय, पर्स खोलीवर राहिलीय, आणि बाबांनी दोघांच्याही चपला हातात धरल्यात.